वायरिंग जळालेलं चालेल, गिअर गेलेला नको

घरातून केक आणि पाव विकणाऱ्याच्या ऑर्डरी वाढल्या, की पहिली अडचण येते ती मळण्याची. ओट्यावरचा छोटा स्टँड मिक्सर क्रीम फेटायला ठीक असतो. त्यात दोन किलो मैद्याचं पावाचं पीठ घातलं की तो तापतो आणि एखाद दिवशी धूर सोडतो. मग शोध सुरू होतो बेकरीतल्या उभ्या, बिडाच्या अंगाच्या मिक्सरचा. भांडं जागच्या जागी राहतं आणि हुक स्वतःभोवती फिरत फिरत भांड्यातही गोल फेरी मारतो, तो प्लॅनेटरी मिक्सर. वीस लिटरचा नवा मिक्सर, चिनी बनावटीचा किंवा सुटे भाग आणून इथं जोडलेला, साधारण 38 ते 60 हजारांत येतो. तैवानी किंवा युरोपीय घ्यायचा तर आकडा लाखाच्या पुढे जातो. जुना मात्र 14 ते 25 हजारांत मिळतो, आणि तिथंच मन चळतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. मिक्सरमधलं विजेचं जे काही आहे, म्हणजे वायर, बटण, स्टार्टर, कॅपॅसिटर आणि अगदी मोटरचं वाइंडिंगसुद्धा, ते सगळं आठ-नऊ हजारांत नव्यासारखं करून मिळतं, तेही गल्लीच्या कोपऱ्यावर. गिअर, शाफ्ट आणि भांडं यांचं तसं नाही. त्यांचे सुटे भाग प्रत्येक बनावटीचे वेगळे, पुष्कळदा मिळतच नाहीत, आणि करून घ्यायचे तर महाग पडतात. गिऱ्हाईक मात्र नेमकं उलटं वागतं. बटण दाबल्यावर मोटर घुमली की खिशात हात घालतं, आणि काळी पडलेली वायर दिसली की मागच्या पावली परततं.

पुढचे दर पुणे-मुंबई पट्ट्यातले आणि अंदाज बांधण्यापुरते आहेत. मोटर भरण्याचा, म्हणजे तिचं वाइंडिंग नव्याने करण्याचा, दर तांब्याच्या भावाबरोबर हलतो, मजुरी गावागणिक बदलते. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय काम टाकू नका.

घेण्याआधी

माप नीट समजून घ्या. वीस लिटर म्हणजे भांड्यात मावणारं पाणी. घट्ट पावाचं पीठ त्यात एका वेळी पाचेक किलोच मळायचं असतं, केकचं मिश्रण निम्म्या भांड्यापर्यंत. त्याहून जास्त भरणाऱ्यांचेच मिक्सर पुढे जुन्या बाजारात येतात. तुमचं काम दिवसभर नुसतं पावाचं पीठ मळण्याचं असेल, तर प्लॅनेटरीच्या नादी न लागता स्पायरल मिक्सर शोधा. प्लॅनेटरीची खरी किंमत आहे ती एकाच मशीनवर पीठ, केक आणि क्रीम तिन्ही होतात यात.

मशीन मिळतं तीन ठिकाणी. जुनं हॉटेल-सामान विकणारे व्यापारी, बंद पडलेले कॅफे आणि क्लाउड किचन, आणि मोठी झालेली बेकरी, जिला आता चाळीस लिटरचं हवं आहे. तिसरं सगळ्यात चांगलं, कारण तिथं मशीन रोज चालत असतं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कधीमधी एखादा हुक किंवा बीटर हाताला लागतो. पूर्ण मशीनसाठी तिथं जाऊ नये. व्यापाऱ्याकडे चकचकीत, नुकतंच रंगवलेलं मशीन दिसलं तर खूश होऊ नका. ताज्या रंगाखाली तेलाचे ओघळ झाकले जातात, बिडातली भेगही झाकली जाते. मला विचाराल तर पिठाने बरबटलेलं, पण स्वयंपाकघरातून थेट बाहेर आलेलं मशीन शंभर टक्के बरं.

पाहायला जाताना दोन किलो मैदा, सव्वा लिटर पाण्याची बाटली आणि टॉर्च बरोबर न्या. विकणारा हसेल, हसू द्या.

मशीन बंद असताना प्लग काढून घ्या, हुक बसवा आणि हाताने मागे-पुढे हलवा. थोडा खेळ असतोच. पण हुक बोटभर सैल फिरून मग कुठं तरी अडत असेल, तर गिअरचे दाते झिजले आहेत. हुकाचा दांडा वर-खाली आणि आडवा हलवून पाहा. तो आडवा हलला तर शाफ्टचं बेअरिंग किंवा त्याची बैठक गेली आहे. बेअरिंग स्वस्त असतं, बैठक मोठी झाली असेल तर लेथवर बुश मारावा लागतो. नंतर फिरत्या डोक्याच्या खालच्या बाजूला टॉर्च मारा. हुकाच्या मुळाशी काळपट, चिकट कडं दिसलं तर सील फुटलेलं आहे आणि आतलं ग्रीस भांड्यात टपकतंय. हे दुरुस्त होतं, पण भाव पाडायला हा मुद्दा उपयोगी पडतो.

भांडं वर उचलणारा हँडल किंवा चाक पूर्ण वर-खाली करा. मधेच धप्‌कन खाली येत असेल तर त्याचे आटे किंवा दाते खाल्ले गेलेत. भांडं ज्या दोन खुंट्यांवर बसतं त्या खुंट्या आणि भांड्याचे कान पाहा. भांडं लॉक केल्यावरही डुगडुगत असेल तर बीटर भांड्याला घासणार. भांड्याच्या आत गोल चरे दिसले, तर तो आधीपासूनच घासतो आहे.

आता मैदा. पहिल्या गिअरवर पीठ मळायला लावा आणि निदान पंधरा मिनिटं तिथून हलू नका. रिकामं मशीन सगळ्यांचंच गोड चालतं. लोडवर आल्यावर गिअरची दांडी आपोआप सुटून न्यूट्रलला येते का, टक्‌टक्‌ असा ठरावीक अंतराने आवाज येतो का, पट्ट्याचं मशीन असेल तर जळक्या रबराचा वास येतो का, हे त्या पंधरा मिनिटांतच कळतं. टक्‌टक् एका फेऱ्याला एकदाच येत असेल तर एखादा दाता तुटलेला आहे. अशा मशीनला रामराम करा. नवी गिअरजोडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीत किंवा मुंबईत गिअर कटिंगवाल्याकडून बनवून मिळते. नमुना न्यायचा, तो मोजतो, पितळी किंवा गनमेटलचा गिअर पाडून देतो. खर्च 4 ते 9 हजार, वर खोला-जोडायची मजुरी, आणि तोवर तुमच्या ऑर्डरी थांबलेल्या.

बटणच लागत नसेल, मोटर मेलेली असेल, तर पीठ मळून पाहता येत नाही. तेव्हा गिअरची परीक्षा हातानेच करायची: वरचं झाकण उघडायला लावा, प्रत्येक गिअरमध्ये दांडी टाकून हुक पूर्ण फेरी फिरवा आणि दाते टॉर्चखाली एक एक पाहा. दाते शाबूत असतील तर तुमच्यासमोर उत्तम सौदा उभा आहे. बंद मशीन म्हणून विकणाऱ्याने भाव आधीच सोडलेला असतो.

भांड्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, की चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील 304. हलक्या 202 जातीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने एवढंच कळतं की ते साधं लोखंड नाही. भांड्याच्या जोडावर तांबूस ठिपके दिसतात का ते पाहा. भांडं नवं घ्यायचं तर 3,500 ते 6,000, हुक, बीटर आणि व्हिस्क प्रत्येकी 1,200 ते 3,000. ही तिन्ही आयुधं मशीनबरोबर आहेत ना, हे भाव ठरवण्याआधी मोजा. नंतर ती कोणी देत नाही.

मोटर

मागचं झाकण काढल्यावर पहिल्यांदा दिसतो तो मैदा. मोटरच्या पंख्याने वर्षानुवर्षं ओढून घेतलेला, तेलात आणि दमटपणात मुरून करडा, नमद्यासारखा झालेला थर. त्यात झुरळांची अंडी असतात, कधी उंदरांनी कुरतडलेल्या वायरचे तुकडे. हा थर हवेच्या वाटा बंद करतो, मोटर तापत राहते आणि एक दिवस वाइंडिंग जळतं. ब्लोअर आणि कोरडा ब्रश घेऊन साफ करायला दोनशे-तीनशे रुपये पुरतात. पाणी किंवा ओलं फडकं नको.

मोटर घुमते पण फिरत नाही, अशी तक्रार सिंगल फेज मिक्सरमध्ये फार. मोटर गेली असं समजून विकणारा निम्म्या भावात देतो आणि दोष असतो कॅपॅसिटरचा. तो 150 ते 400 रुपयांना येतो. दुसरा संशयित म्हणजे मोटरच्या आतला सेंट्रिफ्युगल स्विच, जो वेग आल्यावर सुरुवातीचं वाइंडिंग तोडतो. त्याचे पॉइंट जळतात, बदलायला साहित्य आणि मजुरी धरून पाचशेच्या आसपास. कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही वीज साठून राहते. त्याला हात लावण्याचं काम वायरमनचं आहे, घरच्या स्क्रू-ड्रायव्हरचं नाही. आणि मोटर सुरू व्हावी म्हणून चालू मशीनचा हुक हाताने ढकलू नका. बोटं जातात.

वाइंडिंग शाबूत आहे का हे मेगरने पाहतात. वायरमनने 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि मोटरचं अंग यांच्यामधलं इन्सुलेशन मोजायचं. एक मेगओमच्या खाली आलं तर मोटर तशीच चालवायची नाही. पण लगेच भरायलाही टाकू नका. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळाभर बंद पडून राहिलेली मोटर दमट झालेली असते. उघडून शंभर वॉटचा बल्ब जवळ ठेवून दिवसभर वाळवली की रीडिंग पुष्कळदा वर येतं. तपासणीचे तीनशे ते पाचशे. या पाचशेंनी तुमचे तीन हजार वाचू शकतात.

जळालीच असेल तर एक हॉर्सपॉवरची मोटर भरून घ्यायला 1,800 ते 3,500. टाकताना तीन गोष्टी ठरवून घ्या. वायर तांब्याचीच, बेअरिंग नवी घालून, आणि भरून झाल्यावर वार्निश मारून भट्टीत वाळवून. तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियम भरणारे आहेत. जुनं वाइंडिंग काढल्यावर त्याचं वजन आणि तारेचा गेज चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि नवं वाइंडिंग वार्निश मारण्याआधी जाऊन पाहून या. जुनी तांब्याची तार बहुतेक ठिकाणी भरणाराच ठेवून घेतो. ती तुमची आहे; दरात वजा करायला सांगा.

थ्री फेज मोटर जळालेली असेल, तर गुंडाळ्या कशा काळ्या पडल्यात ते बघायला सांगा. सगळ्या सारख्या काळ्या म्हणजे मशीनवर जास्त लोड टाकला होता. स्टार जोडणीच्या मोटरमध्ये दोन फेजच्या गुंडाळ्या काळ्या आणि तिसरी मधासारखी पिवळी राहिली असेल, तर एक फेज गेलेली असताना मोटर चालत राहिली. हे दुसरं कारण असेल, तर मोटर भरून उपयोग नाही; ओव्हरलोड रिले नीट बसवल्याशिवाय तीच मोटर पुन्हा जळणार.

बेअरिंगचे नंबर त्यांच्यावरच कोरलेले असतात, 6203, 6204 असे. नामांकित कंपनीचं 200 ते 400 ला. नकली बेअरिंगचा सुळसुळाट आहे, म्हणून बिलाशिवाय घेऊ नका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हव्या त्या मापाचं बेअरिंग आणि सील मिळतं.

वायरिंग नव्याने

जुनं वायरिंग जोडतोडीने चालवण्यात अर्थ नाही. वायर बाहेरून धड दिसली तरी वाकवल्यावर इन्सुलेशनला तडे जातात. सगळं काढून नव्याने करा. एका हुशार वायरमनचं ते दिवसभराचं काम, मजुरी 1,500 ते 3,000.

साहित्यात सगळ्यात मोठी बाब स्टार्टरची, आणि तिथंच लोक पैसे वाचवतात. स्वस्त मिक्सरना पंख्यासारखं नुसतं चालू-बंद बटण असतं. लाइट गेली, माणसाने पीठ सोडवायला भांड्यात हात घातला, आणि लाइट परत आली की हुक फिरायला लागतो. आपल्याकडे वीज जाण्या-येण्याचा भरवसा नसताना असं मशीन वापरणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. डीओएल स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर असतो. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले आणि डबा मिळून 1,500 ते 2,500. लाल मशरूम बटण, म्हणजे तळहाताने ठोकून बंद करायचं, आणि चालू करायचं बटण मिळून पाचशे. भांड्यावरच्या जाळीला लिमिट स्विच लावला की जाळी उघडल्यावर मशीन थांबतं. तो 250 ते 600. जुन्या मशीनची जाळी हरवलेली असते, ती फॅब्रिकेटरकडून स्टीलच्या सळ्यांची हजार-बाराशेत करून मिळते. करून घ्याच.

ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या ॲम्पिअरवर लावायचा असतो. सिंगल फेज एक हॉर्सपॉवर मोटर साधारण सहा-सात ॲम्पिअर घेते. वारंवार पडतो म्हणून पुष्कळ वायरमन तो दहावर फिरवून ठेवतात. मग तो नसल्यासारखाच. पडण्याचं दुसरं कारणही असू शकतं: बाजारातला रिले तीन फेजचा असतो, आणि सिंगल फेज मोटरसाठी करंट त्याच्या तिन्ही खांबांमधून एकामागून एक फिरवून न्यावा लागतो. एकाच खांबातून नेला तर रिलेला वाटतं फेज गेली, आणि तो पाडतो. वायरमनला हे माहीत आहे का, एवढं विचारलं तरी माणूस कळतो.

केबल तांब्याची, आयएसआय मार्कची, तीन कोर, दीड चौरस मिलिमीटरची. मीटरला 60 ते 90 रुपये. ती मशीनच्या अंगात शिरते तिथं ग्लँड हवा, नाहीतर बिडाच्या कडेवर घासून कापली जाते. टोकांना लग दाबून बसवायचे. नुसती पिळलेली तार स्क्रूखाली मिक्सरच्या हादऱ्याने सैल होते आणि ठिणग्या पडतात. प्लग 16 ॲम्पिअरचा. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून एक्स्टेंशन बोर्डावर हे मशीन लावू नये.

आता निळ्या वायरबद्दल. परदेशी मशीनमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग असते. आपल्याकडच्या रूढ पद्धतीत थ्री फेजचे रंग लाल, पिवळा, निळा, आणि काळी न्यूट्रल. म्हणजे एकीकडची न्यूट्रल तीच दुसरीकडे जिवंत फेज. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या वायरमननी हात घातलेल्या जुन्या मशीनमध्ये दोन्ही पद्धती गुंतलेल्या सापडतात. रंगावर विश्वास ठेवून कोणी जोडायला लागला तर त्याला थांबवा. प्रत्येक वायर मीटरने तपासूनच जोडायची. काम झालं की जोडणीची आकृती कागदावर काढून झाकणाच्या आत चिकटवून घ्या. पुढच्या वेळी पाचशे रुपये वाचतील.

अर्थिंगची वायर मोटरला, मशीनच्या अंगाला आणि स्टार्टरच्या डब्याला, तिन्हीला जोडलेली हवी, आणि रंग खरवडून उघड्या धातूवर. मात्र मशीनचं अर्थिंग उत्तम असून घराच्या सॉकेटचं तिसरं भोक नुसतंच असेल तर उपयोग शून्य. जुन्या वाड्यांत आणि गाळ्यांत हे सर्रास आढळतं. वायरमनला फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये बल्ब लावून दाखवायला सांगा. तो पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आधीच असेल तर या चाचणीने तो पडेल, आणि ते बरंच. नसेल तर 30 मिलिॲम्पिअरचा बसवून घ्या, सोबत मोटरसाठीचा सी प्रकारचा एमसीबी. दोन्ही मिळून 2,000 ते 3,000. ओले हात, ओली फरशी आणि बिडाचं मशीन एकत्र आहेत. हा खर्च नव्या मशीनलाही करावाच लागला असता, म्हणून जुन्याच्या हिशेबात तो धरत नाही.

थ्री फेज मशीन घरी आणायचं असेल तर

मोठ्या बेकऱ्यांतली मशीन बहुधा थ्री फेज, 415 व्होल्टची असतात. घरी सिंगल फेज. म्हणून ती स्वस्तात मिळतात. मार्ग दोन. एक, मोटर बदलून सिंगल फेजची बसवणे, 6 ते 9 हजार. पण फ्रेमचं माप आणि शाफ्टची उंची जुळली पाहिजे, आणि ज्या मशीनमध्ये मोटर गिअरबॉक्सलाच बोल्टने जोडलेली असते तिथं हे जमत नाही. दुसरा मार्ग व्हीएफडीचा. हा डबा 230 व्होल्टची सिंगल फेज घेऊन 230 व्होल्टची थ्री फेज देतो. एक हॉर्सपॉवरचा 6 ते 10 हजार. लहान मोटर बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्या इथं डेल्टामध्ये जोडून घ्याव्या लागतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर काढलेली असतील तर पितळी पट्ट्या फिरवायचं हे पाच मिनिटांचं काम. तीनच टोकं बाहेर असतील तर मोटर उघडावी लागेल. म्हणून मशीन घेण्याआधीच तो बॉक्स उघडून पाहा.

व्हीएफडी असेल तर मोटर सुरू-बंद करायची ती त्याच्याच बटणांनी, मधे कॉन्टॅक्टर घालून तोडायची नाही. आपत्कालीन बटण आणि जाळीचा स्विच कुठं जोडायचा, आरसीसीबी कोणत्या प्रकारचा लावायचा आणि वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बंद कशी करायची, हे डब्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळा. वेग कमी करता येतो म्हणून पिठाला अगदी हळू चालवण्याचा मोह होतो. निम्म्याच्या खाली वेग नेला तर मोटरचा पंखाही हळू फिरतो आणि मोटर तापते. त्यासाठी गिअर आहेत. कॅपॅसिटर लावून थ्री फेज मोटर सिंगल फेजवर पळवून देतो म्हणणारे भेटतील. पंखा फिरेल त्यावर, पाच किलो पीठ नाही.

अमेरिकेतून परतणारी मंडळी कधी कधी तिकडचा जुना हॉबार्ट आणायचा का म्हणून विचारतात. ओहायोतल्या ट्रॉय गावच्या या कंपनीचे मिक्सर दणकट खरेच. 1919 साली तिनेच घरगुती किचनएड बाजारात आणला. पण तिकडची इंडक्शन मोटर 115 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवर चालणारी. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. इथल्या 50 हर्ट्झवर ती हळू फिरते आणि जास्त तापते. जहाजाचं भाडं धरून हा सौदा परवडत नाही.

ग्रीस, रंग

गिअरबॉक्समधलं जुनं, काळं, पिठाच्या वासाचं ग्रीस पूर्ण काढून रॉकेलने धुऊन कोरडं करायचं आणि फूड ग्रेड ग्रीस भरायचं. डब्यावर एनएसएफ एच1 अशी खूण असते. किलोला 1,200 ते 2,500, साध्याच्या तिप्पट-चौपट. इथं चिकटपणा करू नका. हुकाच्या वर जे आहे ते कधी ना कधी पिठात उतरतंच. सील 50 ते 150 रुपयांना एक. गिअरबॉक्स उघडलाच आहे तर सगळी बदला.

पूर्ण मशीन रंगवायचं कारण नाही. भांड्याच्या वर येणाऱ्या डोक्याचा रंग मात्र पोपडे धरत असेल तर काढावाच लागतो. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, तीही यंत्रांच्या औद्योगिक रंगांना नाही. म्हणून जुना रंग घरात बसून कोरड्या सँडपेपरने घासू नका, लहान मुलं आसपास असतील तर मुळीच नाही. पेंटरच्या शेडवर द्या. डोक्यापुरता खर्च हजार-दीड हजार.

हिशेब

मध्यम आकडे धरू. चालू स्थितीतलं वीस लिटरचं मशीन 16,000, ते ऐंशी-नव्वद किलोचं असतं, म्हणून टेम्पो आणि हमाली 1,500, विजेचं साहित्य 4,000, वायरमन 2,000, बेअरिंग आणि सील 2,200, ग्रीस 1,500, रंग 1,500. एकूण 28,700. त्याच तोडीचं नवं 45,000 धरलं तर बचत 16,300. सोळा हजारांचं मशीन घेतलं म्हणजे एकोणतीस हजार वाचले, असं समजणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आता मोटर जळालेलं मशीन 10,000 ला मिळालं. वरचा सगळा खर्च 12,700 आणि मोटर भरायचे 2,800 मिळून ते 25,500 ला पडतं. बचत 19,500. उलट 16,000 ला घेतलेल्या चालत्या मशीनचा गिअर महिन्याभरात गेला (7,000) आणि बीटर-व्हिस्क नव्याने घ्यावे लागले (4,000), तर बेरीज 39,700 वर जाते. पाच हजारांसाठी नव्याची वॉरंटी सोडायची नसते.

विजेचं बिल यात फारसं मोठं नाही. एक हॉर्सपॉवरचा मिक्सर पूर्ण लोडवर तासभर चालला तर साधारण एक युनिट. घरगुती मीटरवर धंदा केला म्हणून दंड होईल का, हा प्रश्न येतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत, घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 आणि वर्षाला 3,600 युनिटांच्या आत असेल तर घरगुती दर लावण्याची तरतूद आहे. ओव्हनही विजेचा असेल तर ही मर्यादा झपाट्याने ओलांडली जाते. चालू वर्षाचा आदेश आपल्या वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात विचारून घ्या.

शेवटची गोष्ट पावतीची. मशीन विकणाऱ्याकडून मॉडेल आणि सीरियल नंबरसह बिल घ्या, मोटर भरणाऱ्याकडून किती महिन्यांची हमी ते लिहून घ्या, आणि वायरमनकडून बदललेले जुने भाग परत मागा. धंद्यासाठी घेतलं म्हणजे ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, असं पुष्कळ जण सांगतील. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार, स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून स्वतः चालवायला घेतलेली वस्तू व्यापारी खरेदीत मोडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे विनाशुल्क दाखल करता येते, दोन वर्षांच्या आत. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करून पाहा, बिल समोर ठेवून.